दादा उठायच्या आत

दादाची खाट आम्ही दाराला लावून टाकली होती. डोकं आत आणि पाय उंबरठ्याकडे. जिवंत माणसाला असं निजवू नये म्हणून आईनं दोनदा खाट फिरवली आणि दोन्ही वेळा दादानं वहिनीकडून ती पुन्हा तशीच करून घेतली. त्याला बाहेर अंगणात उभी असलेली मोटरसायकल दिसायला हवी होती. मोटरसायकल दिसायला हवी म्हणजे मी तिच्याशी काय करतो ते दिसायला हवं होतं.

घाटकोपरच्या बैठ्या चाळीत आमची एकच खोली होती. दादाचा मुदतीचा ताप नुकताच उतरला होता. अंगावर मांस असं उरलंच नव्हतं. मनगट धरलं तर माझ्या अंगठ्याचं आणि मधल्या बोटाचं टोक एकमेकांवर चढायचं. डॉक्टर जाताना मला अंगणात घेऊन गेले आणि म्हणाले, "ताप गेला म्हणजे आजार गेला असं समजू नका. यांची आतडी आत्ता ओल्या कागदासारखी आहेत. उठायचं नाही, जोर लावायचा नाही, जड उचलायचं नाही. आतडं फाटलं तर माझ्या हातात काही राहणार नाही." हे त्यांनी वहिनीला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. मी संध्याकाळी दोघींना सांगितलं, आणि दादालाही. दादा म्हणाला, "डॉक्टर लोकांना भीती घालायची सवयच असते."

दादाचं काम आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या वेळी उपनगरांतल्या दोन थेटरांत मिळून पिक्चरची एकच प्रिंट चालायची. घाटकोपरला खेळ आधी सुरू व्हायचा, मुलुंडला थोडा उशिरा. इथली रिळं चालवून झाली की ती पत्र्याच्या डब्यांत भरून आग्रा रोडनं मुलुंडला पोचवायची, तिथली संपलेली परत आणायची. दिवसभर हेच. डबे वेळेवर पोचले नाहीत की मुलुंडचा पडदा पांढरा पडायचा आणि शिट्ट्या सुरू व्हायच्या. मिलमध्ये बदली कामगार म्हणून वर्षानुवर्षं दारात उभं राहून थकल्यावर दादानं हे काम मिळवलं होतं. लढाईनंतर लष्कराच्या भंगारात निघालेली एका सिलिंडरची मोटरसायकल त्यानं स्वतः चालती केली होती आणि मागे डब्यांसाठी लाकडी पेटी बसवली होती. मुलुंडच्या थेटरचा दारवान त्याला लांबून बघून आत ओरडायचा, "आला रे, हीरो आला!" दादाला ते फार आवडायचं. तो कबूल करायचा नाही.

तो आजारी पडला तेव्हा मी रजा काढली आणि त्याच्या जागी रिळं पोचवू लागलो. मी विक्रोळीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. मोटरसायकल मला दादानंच शिकवली होती, पण चालवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. तीनेक दिवसांनी इंजिनातून चढावर फुस्-फुस् असा आवाज येऊ लागला. मला तो ऐकू येत होता. मी घरी आलो की दादा तापातही डोळे न उघडता म्हणायचा, "हेडचं गॅस्केट गेलंय. उद्या चालवू नको. हेड उतरव, नवीन टाक. एका दिवसाचं काम." मी हो म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवायचो. एक दिवस रिळं गेली नाहीत तर मुलुंडचे लोक काय करतील याची मला भीती वाटत होती. भीतीपोटी मी ते इंजिन आणखी आठवडाभर तापवलं. शेवटी भांडुपच्या पुढे ते थांबलं ते थांबलंच. किक मारली तर पाय नुसता खाली जायचा, काही अडायचंच नाही. डबे मी दुधाच्या एका लॉरीत चढवले, गाडी ढकलत घरी आणली.

थेटरच्या मॅनेजरनं निरोप पाठवला, "शुक्रवारी दिवाळीचा नवीन पिक्चर लागतोय. गाडी चालू असली तर काम तुमचंच. नाहीतर ठाण्याचा एक स्कूटरवाला दोनदा विचारून गेलाय."

हा निरोप मी दादापासून लपवायला हवा होता. पण आमच्या खोलीत लपवण्याइतकी जागा नव्हती. त्यानं ऐकलं आणि सरळ सांगितलं, "गुरुवारपर्यंत तुझ्याच्यानं हेड निघालं तर ठीक. नाहीतर मी उठेन."

"दादा, डॉक्टर काय म्हणाले..."

"ऐकलंय मी. तू पाना आण."

हेड म्हणजे सिलिंडरचं झाकण. ते सिलिंडरवर बोल्टांनी आवळलेलं असतं आणि मध्ये गॅस्केटची चकती असते. बोल्ट सोडवायचे, झाकण उचलायचं, चकती बदलायची. ऐकायला सोपं आहे. स्टोअरच्या फोरमनकडून मी नळकांड्यासारखा बॉक्स पाना आणि मोठा हातोडा मागून आणला. आयुष्यभर मी बोल्ट मोजून दिले होते, सोडवला एकही नव्हता.

बुधवारी सकाळी वाकून पाहिलं तर बोल्टांची डोकी दिसेनात. ज्या खळग्यांत ती बसली होती त्यांत तांबूस-काळा खडा साचला होता, गुळाच्या ढेपेसारखा. मी पत्र्याच्या तुकड्यानं उकरू लागलो आणि हे काय आहे ते माझ्या ध्यानात आलं. आमचे वडील मालवणकडे मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. पाऊस संपला की मचवा पाण्यात ढकलण्याआधी त्याच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा, पाणी नाळीवरून वाहू द्यायचं आणि ते पुसायचं नाही, अशी घरची रीत. वडील गेले, मचवा गेला, आम्ही मुंबईला आलो. आईनं ती रीत मोटरसायकलला लावली. दर दसऱ्याला रात्री नारळ इंजिनाच्या डोक्यावर. फोडायचं काम माझं, कारण दादानं स्वतःच्या गाडीवर घाव घालायचा नाही म्हणे. पाणी खळग्यांत भरून राहायचं. पुसायचं नाही. त्या रात्री गाडी बाहेर काढायची नाही. दुसऱ्या दिवशी गरम इंजिनावर ते उकळून आटायचं आणि बोल्टांच्या आट्यांत उतरायचं.

मी दादाला सांगितलं. तो पहिल्यांदाच हसला. "बघ आई, तुझा मचवा बुडाला."

आई आतून म्हणाली, "देवाच्या पाण्यान कधी काय बिघडत नाय. तुमका काम येणा नाय ता सांगा."

खळगे रॉकेलनं भरून ठेवले. दादा खाटेवरून एकेक गोष्ट सांगत होता. आधी सोडवायचा नाही, आधी थोडा आवळायचा. गंज तुटल्याचा बारीक आवाज आला की मग उलटा. हातोड्यानं बोल्टाच्या डोक्यावर टिचक्या मारायच्या, ठोसे नाही. रॉकेल मुरायला वेळ द्यायचा. मी तसं करत गेलो. संध्याकाळपर्यंत कडेचे चार बोल्ट निघाले. प्रत्येक निघाला की मी तो दादाला दाखवायचो आणि तो लहान मुलाचा दात पाहावा तसा उलटसुलट करून पाहायचा. शेजारचे एक काका विडी ओढत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय रे, इंजिन खोलतोस का दाढ काढतोस?" दादा म्हणाला, "काका, तुमच्या कवळीपेक्षा घट्ट आहे." त्या संध्याकाळी मला वाटलं की आपण यातून बाहेर पडू.

गुरुवारी सकाळी धूर बाहेर जायच्या बाजूचे तीन बोल्ट उरले. ती बाजू सगळ्यांत तापते. पहिल्यावर पाना लावला तर पाना फिरला, बोल्ट नाही. कंगोरे झिजून डोकं गोल झालं. मी वहिनीचा स्टोव्ह अंगणात आणला आणि आडवा धरून ज्योत त्या जागेवर लावली. वहिनीची पेज अर्धी शिजलेली तशीच राहिली. दादाच्या पथ्याची पेज. ती पातेलं झाकून माझ्या बाजूला येऊन बसली आणि पदरानं स्टोव्हला वारा अडवू लागली. "भावजी, निघेल ना?" तिनं हळूच विचारलं. "निघायलाच पाहिजे हो. ते रात्री झोपेत किक मारतात. मी पाय धरून ठेवते."

छिन्नी लावून, तापवून, परत तापवून तो गोल झालेला बोल्ट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला मी आवळायला गेलो आणि तो मऊ वाटला. जरा जास्तच मऊ. पान्यात बोल्टाचं डोकं तेवढं हातात आलं, धड खाली सिलिंडरमध्ये राहिलं.

आवाज काहीच झाला नव्हता, पण दादाला कळलं.

"तुटला?"

मी पाना पाठीमागे धरला.

"अरे, तुटला का?"

"तुटला."

खाट करकरली. मी मागे वळलो तर दादा कोपरावर उठला होता. वहिनी धावली, त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे निजवलं. आई दाराशी येऊन उभी राहिली. "तेका उठूक दिव नको!" ती मला ओरडली, वहिनीला नाही. जणू तो उठायचा की नाही हे माझ्या हातातल्या पान्यावर होतं. आणि ते खरंच होतं.

"राहू दे तुटलेला," दादा धापा टाकत म्हणाला. "डोकं गेलं म्हणजे हेड मोकळं झालं. धड नंतर ड्रिलनं काढू. एका बोल्टाविना दोन दिवस चालेल. आता हेड उचल."

हेड उचललं जाईना. बोल्ट सगळे गेलेले, तरी ते सिलिंडरला एकजीव झाल्यासारखं बसलं होतं. मी लाकडाचा ठोकळा लावून चहूबाजूंनी ठोकलं. भेगेत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायला गेलो तर दादा किंचाळला, "त्यानं नको! बीड आहे ते, फुटेल!" तोवर कडेच्या, इंजिन गार ठेवणाऱ्या पातळ पातीचा एक कपचा उडून पडलाही होता. मग त्यानं सांगितलं, "काढलेला स्पार्क प्लग परत बसव आणि किक मार. आतल्या हवेनं हेड उचललं जाईल."

मी किक मारू लागलो. ऊन कललं होतं, तीन वाजून गेले होते. गॅस्केट आधीच गेलेलं, हवा धरणार कशी? तरी मी मारत राहिलो. घोटा सोलपटला, गुडघा सुजला, घामानं पाय घसरून किकचा दांडा दोनदा नडगीवर आपटला. मध्येच थांबून मी ठोकळ्यानं ठोकायचो, परत किक मारायचो. चाळीतल्या बायका आपापल्या दारांत येऊन उभ्या होत्या. आता कोणी थट्टा करत नव्हतं. मला रडू येत होतं आणि ते दादाला दिसू नये म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली होती. हीच माझी चूक झाली, कारण तो उठलेला मला दिसला नाही.

वहिनीचा आवाज आला, "अहो! अहो, नको!"

दादा उंबरठ्यावर उभा होता. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हातानं लुंगी. पाय थरथरत होते. वहिनीनं त्याला कमरेला धरलं होतं, पण घट्ट धरायची तिला भीती वाटत असावी, कारण पोट तिथंच होतं. त्यानं तिचे हात सोडवले.

आई म्हणाली, "माझ्या गळ्याची आण आसा तुका."

"आई, बाजूला हो."

तो पायरी उतरला. अंगणातली ती चार पावलं तो कसा चालला ते मी आजही सांगू शकत नाही. मी त्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभा राहिलो.

"दादा, एक तास दे मला. मी स्टोअरमधून कोणाला तरी घेऊन येतो."

"चार वाजले की तुझं स्टोअर बंद. उद्या शुक्रवार आहे. तुझ्या पायात दम नाही रे, तू किक मारतोस ती पोरीसारखी. एकच बसली पाहिजे, पण पूर्ण अंगाची. सरक."

"तू मरशील."

"मग मरू दे. खाटेवर पडून तुझ्या पगारावर पेज खाऊ का मी? बायकोनं तुझ्याकडे बघायचं, आईनं तुझ्याकडे बघायचं?" हे तो माझ्यावर रागावून बोलला नाही. अगदी शांतपणे बोलला. म्हणूनच मला कळलं की हा थांबणार नाही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मला ढकलायला नाही, आधाराला, आणि पाय उचलून किकवर ठेवला. पायाला नेम धरवत नव्हता. पाऊल दांड्यावर ठेवलं की घसरायचं, परत ठेवायचा. त्याच्या पोटाच्या कातडीखाली श्वास वर-खाली होताना दिसत होता.

हातोडा माझ्या हातात होता. ठोकळा खाली पडलेला. मी ठोकळा उचलला नाही. दादाला खांद्यानं मागे सारून मी सिलिंडरवर, जिथं बोल्ट तुटला होता त्या कडेवर, हातोडा घातला. पहिल्या घावाला दोन पात्या तुटल्या. आवाज टण्ण आला. दुसरा घाव घातला तेव्हा आवाज बदलला. फुटक्या मडक्यावर टिचकी मारावी तसा बद्द. मी आणखी एक घातला. मला थांबताच येईना.

मग हातोडा खाली टाकला आणि हेडला हात लावला. ते सुटलं होतं. नुसत्या हातानं, जसं डब्याचं झाकण निघतं तसं ते निघालं. खाली सिलिंडरच्या काठावर, तुटलेल्या बोल्टाच्या भोकापासून आतपर्यंत, नखभर रुंद चीर गेली होती.

हे मी अनेकदा मनाशी चालवून पाहिलं आहे. ठोकळा लावून तोच घाव घातला असता तर हेड तसंच सुटलं असतं का? बहुतेक सुटलं असतं. दोन दिवस रॉकेल आणि ज्योत खाऊन ते शेवटच्या टोकाला आलं असणार. मग गॅस्केट बदलून संध्याकाळपर्यंत गाडी चालू झाली असती, दादानं पुन्हा खाट धरली असती आणि शुक्रवारी मी रिळं घेऊन गेलो असतो. पण त्या वेळी मी हेड काढायला घाव घातला नव्हता. दादाला उठायला काही कारणच राहू नये म्हणून घातला होता.

दादानं वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग माझ्या हातातलं हेड पाहिलं, खालची चीर पाहिली. चिरेवरून बोट फिरवलं. बोटाला काजळी लागली ती त्यानं लुंगीला पुसली.

"झालं तुझ्या मनासारखं?"

मी हेड जमिनीवर ठेवलं.

"आता झोपतो," तो म्हणाला, आणि वहिनीला हात दिला.

तिनं त्याला आत नेऊन निजवलं. या वेळी त्यानं खाट फिरवायला सांगितली. पाय आत आणि डोकं दाराकडे, आईला हवी होती तशी. तोंड भिंतीकडे केलं. आईनं देवापुढे दिवा लावला, मग येऊन दाराशी बसली आणि माझ्याकडे न बघता अंगणातले पात्यांचे तुकडे गोळा करू लागली. वहिनी पुन्हा पेज करायला बसली. तिनं मला पाण्याचा तांब्या आणून दिला. मी तिच्या नवऱ्याचा जीव वाचवला होता की तिचं घर मोडलं होतं, हे बहुधा तिलाही त्या वेळी कळत नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावरून स्कूटर गेली. आमच्या चाळीपासून आग्रा रोड लांब नव्हता. पत्र्याचे डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज मला ओळखता येत होता, दादाला तर झोपेतही आला असता. त्याची पाठ हलली नाही. नंतरही बरेच महिने त्या आवाजाच्या वेळेला तो काहीतरी निमित्त काढून मागच्या बाजूला जायचा. पुढे मीच त्याला आमच्या कारखान्याच्या गेटवर चिकटवला. खाकी कपड्यांत तो येणाऱ्या-जाणाऱ्यांचे डबे तपासायचा. मी रोज त्याच्यासमोरून आत जायचो आणि तो इतरांसारखाच माझाही जेवणाचा डबा उघडून पाहायचा.

पण त्याच आठवड्यातलं एक सांगायचं राहिलं. रविवारी डॉक्टर आले. त्यांनी दादाला उताणा करून पोट हळूहळू दाबून पाहिलं, जीभ पाहिली, डोळे पाहिले. त्यांचा चेहरा खुलला.

"छान! आतडी सावरताहेत. आता मऊ भात द्यायला हरकत नाही. खरं सांगू, मला यांचा भरवसा नव्हता. उठण्याची खोड दिसत होती. कोणी घेतली एवढी काळजी?"

दादानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"भावानं," तो म्हणाला. "भावानं फार घेतली."

डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. वहिनी तांदूळ निवडायला आत गेली.